एमिओडॅरॉन वर्षानुवर्षं घेणारं कुणी आहे का इथे?

अबोली_सातारा · सोमवार, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. आईसाठी हा धागा काढतेय.

आई ६७ वर्षांची. गेल्या आषाढात एका पहाटे तिने मला उठवलं. "छातीत पाखरू अडकल्यासारखं फडफडतंय गं," म्हणाली. मनगट धरलं तर नाडीला काही ताळतंत्रच नव्हतं. दोन ठोके लगोलग, मग मोठी खोट, मग चार ठोके पळत सुटल्यासारखे. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन (एएफ, हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात तो आजार) निघालं. दोन दिवस आयसीयूत सलाइनमधून एमिओडॅरॉन दिलं, ठोके ताळ्यावर आले आणि घरी पाठवलं. गोळी आधी आठवडाभर दिवसाला तीन, मग दोन, आणि आता रोज २०० ची एक. जोडीला मेटोप्रोलॉल ५० सकाळी, आणि रक्त पातळ राहायला अ‍ॅपिक्सॅबॅन ५ दोन वेळा. एकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) झडपा चांगल्या आहेत, पंपिंग उत्तम.

आठ महिने झाले, पुन्हा फडफड नाही. पण परवा मी गोळीच्या खोक्यातला कागद उघडून वाचला आणि रात्रभर डोळा लागला नाही. फुप्फुस, यकृत, थायरॉइड, डोळे, कातडी, सगळ्यांची नावं त्यात. भाऊ न्यू जर्सीत असतो. तो म्हणतो, हे शेवटचा उपाय म्हणून द्यायचं औषध असतं, आधी बंद करा. आई म्हणते, "ज्या गोळीने पाखरू गप्प बसलं ती मी सोडणार नाही." ती हल्ली लवकर थकते, दुपारभर झोपते, पण वयाचंही असेल.

कुणी हे औषध बरीच वर्षं घेतंय का? दुसरं काही असतं का? पुढच्या तपासणीला दोन महिने आहेत.

पैंजण · रात्री ९:५८

वाचतेय. सासऱ्यांना हेच चालू आहे.

निवृत्त_मास्तर · रात्री १०:३१

अबोलीताई, माझं औषध वेगळं आहे, पण आजार तोच, म्हणून लिहितो. वय ७४, मुक्काम कोल्हापूर. लहानपणी सांधे धरणारा ताप आला होता, त्यात डाव्या बाजूची झडप आकसली. चाळिशीत बलूनने झडप मोठी करून घेतली. साठीनंतर ठोके कायमचे अनियमित झाले. ते पुन्हा ताळावर आणायचा नाद डॉक्टरांनी सोडला, फक्त वेग आवरून धरलाय. त्याला लॅनॉक्सिन म्हणजे डिगॉक्सिन, आणि गुठळी होऊ नये म्हणून अ‍ॅसिट्रॉम.

लॅनॉक्सिन सोमवार ते शुक्रवार, शनिवार-रविवार सुट्टी. माझ्या आयुष्यात शाळेनंतर सुट्ट्यांचं वेळापत्रक पाळणारी ही एकच गोष्ट उरली आहे.

एक अनुभव मात्र नीट वाचा. सहा वर्षांपूर्वी पायाला सूज आली म्हणून लघवीची गोळी वाढवली होती. दहा-बारा दिवसांत जेवणावरची वासनाच उडाली. भाताकडे बघवेना. मग एका संध्याकाळी देवघरातल्या निरंजनाभोवती पिवळं कडं दिसायला लागलं. ट्यूबलाइटभोवती तेच. बायको म्हणाली मोतीबिंदू पिकला असेल. डोळ्यांचे डॉक्टर हुशार निघाले. त्यांनी डोळे तपासायच्या आधी "गोळ्या कुठल्या चालू आहेत?" विचारलं आणि चिठ्ठी बघून थेट हृदयाच्या डॉक्टरांकडे धाडलं. पोटॅशियम खाली गेलं होतं, आणि डिगॉक्सिन अंगात साचलं होतं. चार दिवस दवाखान्यात काढले.

तेव्हापासून चिठ्ठीवर एक गोळी वाढली की मी डॉक्टरांना उभ्या उभ्या विचारतो, "हिचं माझ्या जुन्या गोळ्यांशी पटतं का?"

रानवारा_एमडी · रात्री ११:१५

मी फिजिशियन आहे, हृदयतज्ज्ञ नाही. इथून कुणाची गोळी बदलायला सांगणार नाही. पण गोंधळ होतोय तो असा की "ठोक्यांची गोळी" या एका नावाखाली तीन निरनिराळी कामं येतात.

एएफमध्ये हृदयाच्या वरच्या कप्प्यांत मिनिटाला तीनशे-चारशे विस्कळित इशारे उठत असतात. मधल्या गाठीतून त्यातले थोडेच खाली उतरतात. मेटोप्रोलॉलसारखे बीटा ब्लॉकर, डिल्टियाझेम, व्हेरापॅमिल, डिगॉक्सिन ही त्या गाठीवर बसलेली राखण. वर गोंधळ चालू राहिला तरी खालचे कप्पे सावकाश चालतात. हा वेगाचा बंदोबस्त. मास्तरांचं हे.

दुसरं काम ताल परत आणण्याचं आणि टिकवण्याचं. तिथे एमिओडॅरॉन, फ्लेकेनाइड, प्रोपाफेनोन, सोटॅलॉल. आईंचं हे.

तिसरं काम गुठळीचं. वरचा कप्पा नुसता थरथरत राहिला की त्याच्या कोपऱ्यात रक्त साकळतं, आणि तिथली गुठळी मेंदूत गेली की अर्धांगवायू. म्हणून अ‍ॅपिक्सॅबॅन किंवा अ‍ॅसिट्रॉम. लोकांना ही गोळी बिनकामाची वाटते, कारण तिने काही बरं वाटत नाही. आणि तीच सगळ्यात आधी सोडली जाते. कृपा करून तसं करू नका. ठोके सरळ झाले तरी बहुतेकांना ती चालूच ठेवावी लागते.

मास्तर, तुम्हाला नव्या गोळ्यांऐवजी अ‍ॅसिट्रॉम का, हे कुणी विचारेल म्हणून: सांधेतापाने झडप आकसलेल्यांवर मोठा अभ्यास झाला, २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, साडेचार हजार रुग्ण. त्यात जुनं औषधच सरस ठरलं. तेव्हा आयएनआरसाठी (रक्त किती पातळ आहे ते बघायला) टोचून घेत राहा.

अबोली, दोन गोष्टी कळवा. आईंची नाडी मिनिटाला किती आहे? आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, शेवटची कधी केली?

मुळामुठा · मंगळवार, सकाळी ७:२०

माझं वय ३१. मला एसव्हीटी होतो, एएफ नाही. ठोके अगदी नियमित पण २०० च्या वर. गेल्या वर्षी ऑफिसात जिना चढताना बटण दाबल्यासारखा सुरू झाला. कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी दंडाजवळच्या शिरेत सुई घातली आणि आधीच सांगून ठेवलं, "आता दहा सेकंद फार विचित्र वाटेल. घाबरायचं नाही, मी इथेच आहे." अ‍ॅडेनोसिन ६ मिलिग्रॅम, लगेच मागून सलाइनचा जोर. छातीवर कुणीतरी बसलं, तोंड तापलं, आणि वाटलं की संपलं सगळं. मॉनिटरवर रेघ सपाट. एक... दोन... तीन... मग टक. टक. टक. ७८.

ते औषध रक्तात दहा सेकंदही टिकत नाही म्हणे. त्या सिस्टरने माझा हात धरला होता, तो हात मी विसरणार नाही.

नंतर त्यांनी एक युक्ती शिकवली. अर्धवट टेकून बसायचं, रिकाम्या सिरिंजमध्ये दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने १५ सेकंद फुंकायचं, आणि लगेच आडवं करून कुणीतरी पाय वर धरायचे. २०१५ च्या अभ्यासात पाय वर धरल्याने शंभरात ४३ जणांचे ठोके सरळ झाले, नुसतं फुंकून १७ जणांचे. मला दोनदा उपयोग झाला. पण हे निदान झालेल्यांनी, डॉक्टरांकडून शिकूनच. मी आता अ‍ॅब्लेशन करून मोकळा झालोय, म्हणजे शिरेतून तार घालून हृदयातली बिघाडाची जागा जाळून घेतली.

हिरवाई · सकाळी ९:०५

सगळ्या रसायनांचा मारा चाललाय. अर्जुनाची साल दुधात उकळून द्या, जोडीला जेष्ठमध. माझ्या मावशींनी सगळ्या गोळ्या सोडल्या, ठणठणीत आहेत. वनस्पतींचा अपाय नसतो.

कण्हेरीचं_फूल · सकाळी ९:४०

हिरवाईताई, मावशींना आरोग्य लाभो, पण शेवटचं वाक्य मागे घ्या, कुणाच्या तरी जिवावर बेतेल. माझं हे नाव आहे, तेव्हा मीच सांगते. गावाकडे कुंपणाला पिवळी कण्हेर असते, तिच्या बिट्ट्यांनी आपण सगळे खेळलोय. त्या बीमध्ये जे विष आहे ते डिगॉक्सिनच्याच जातकुळीतलं. मी तालुक्याच्या दवाखान्यात नर्स होते. बिट्ट्या वाटून खाल्लेली एक मुलगी आमच्याकडे आणली होती, सोळा-सतरा वर्षांची. नाडी ३४. रात्रभर तिच्या उशाशी बसले होते. ती वाचली, आज दोन मुलांची आई आहे. पण वनस्पतींचा अपाय नसतो हे मला कुणी सांगू नये.

आणि जेष्ठमध रोज घेतलं तर पोटॅशियम उतरतं. मास्तरांची गोष्ट वर आहेच.

हिरवाई · सकाळी १०:१०

जेष्ठमधाचं खरंच ठाऊक नव्हतं. तो सल्ला मागे घेते. अर्जुनावर मात्र माझा विश्वास आहे.

रानवारा_एमडी · सकाळी १०:२५

विश्वास ठेवा, पण घेत असाल तर डॉक्टरांना सांगून घ्या. काढा घेतोय हे रुग्ण आमच्यापासून लपवतात, तेच जास्त घातक असतं. आणि वनस्पतींना कुणी कमी लेखू नये. डिगॉक्सिन आलंच आहे डिजिटॅलिस नावाच्या झाडापासून. इंग्लंडात विल्यम विदरिंगने त्यावर १७८५ मध्ये पुस्तक लिहिलं, आणि त्याला त्याचा माग एका खेडवळ बाईच्या घरगुती काढ्यातून लागला होता. त्याचं मोठेपण हे की दहा वर्षं रुग्णांच्या नोंदी ठेवून त्याने किती द्यायचं आणि कुठे थांबायचं ते शोधलं.

जुनी_पानं · दुपारी १:१५

इतिहास निघालाच आहे तर माझी आवडती गोष्ट. १९१२ मध्ये वेन्केबाख या डच डॉक्टरांकडे एक व्यापारी आला. ठोके अनियमित. डॉक्टर म्हणाले यावर उपाय नाही. तो म्हणाला, उद्या सकाळी येतो, ठोके सरळ असतील. आणि आला की! हिवतापाच्या मुलखात वावरलेला माणूस, क्विनाइन जवळ असायचंच. एक ग्रॅम घेतलं की आपले ठोके सरळ होतात, हे त्याने स्वतःच हेरलं होतं. वेन्केबाखनी रुग्णाचं म्हणणं मोडीत काढलं नाही, १९१४ मध्ये त्याला श्रेय देऊन छापलं. पुढे १९१८ मध्ये फ्राय या डॉक्टरांनी सिंकोनाच्या सालीतलंच क्विनिडिन जास्त गुणकारी असल्याचं दाखवलं.

एमिओडॅरॉनही असंच आडवाटेने आलं. १९६१ च्या सुमारास बेल्जियममध्ये बनलं ते छातीच्या कळेसाठी. ठोक्यांवर चालतं हे नंतर कळलं.

हडसनकाठ · संध्याकाळी ६:५०

मी न्यू जर्सीत फार्मसीत काम करते, त्यामुळे भावाची बाजू मांडायला हवी. तो उगाच घाबरवत नाहीये. इथे हृदयाची रचना चांगली असेल तर सहसा फ्लेकेनाइडसारखं औषध आधी विचारात घेतात, एमिओडॅरॉन मागे ठेवतात. आईंचा एको उत्तम आहे, म्हणजे हा प्रश्न विचारण्याजोगा आहेच.

रानवारा_एमडी · संध्याकाळी ७:३०

मान्य, पण अर्धं. ६७ व्या वर्षी रक्तवाहिन्यांत अडथळे नाहीत याची खात्री झाल्याशिवाय फ्लेकेनाइड द्यायला हात धजावत नाही, आणि त्याला कारण आहे. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांचे जादा ठोके दाबायला ते नि त्याच्याच जातीचं दुसरं एक औषध देऊन पाहिलं होतं. ईसीजी सुंदर झाले. १९८९ मध्ये आकडे बाहेर आले तेव्हा नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा औषध घेणारेच जास्त दगावले होते. आमच्या पिढीला तो अभ्यास पाठ आहे. ईसीजीचा कागद सुधारला म्हणजे माणूस सुधारला असं नाही.

एमिओडॅरॉन कमकुवत हृदयालाही चालतं, स्वस्त आहे, तालुक्याच्या ठिकाणी मिळतं. त्या पहाटे ते दिलं यात चूक काही दिसत नाही. आठ महिन्यांनंतरही तेच का, हा प्रश्न मात्र आईंच्या डॉक्टरांना जरूर विचारा.

हडसनकाठ · संध्याकाळी ७:४८

आठ महिन्यांचा मुद्दा, अगदी बरोबर. मग भांडण मिटलं.

चहाबाज · रात्री ८:०२

मला एकच सांगा, चहा चालतो का? एएफ आहे, घरच्यांनी तोडलाय, घर खायला उठतंय.

रानवारा_एमडी · रात्री ८:२०

दोन-तीन कप बहुतेकांना चालतो. धडधड वाढते असं तुमचं तुम्हाला जाणवलं तर सोडा. दारू मात्र कमी केल्याने फरक पडतो, हे तपासून सिद्ध झालंय.

चहाबाज · रात्री ८:२२

डॉक्टर, तुमचा हा प्रतिसाद छापून फ्रीजवर लावतोय.

सांजवेळ · रात्री ९:१०

अबोली, धागा चहावर गेलाय, पण मला तुझ्याच प्रश्नावर यायचंय. बाबांनी एमिओडॅरॉन सहा वर्षं घेतलं. कागदावर जे लिहिलंय त्यातलं दोनदा आमच्या घरी येऊन गेलं.

पहिल्यांदा थायरॉइड. बाबा हळूहळू मंद झाले. बोलणं संथ, आवाज घोगरा, पोट साफ नाही, चेहरा सुजरा. सहा महिने आम्ही "निवृत्तीचं नैराश्य" समजत होतो. मी तर त्यांना चिडून बोललेही होते, अजून लागतं ते मनाला. त्या गोळीच्या वजनात तिसऱ्या हिश्शाहून जास्त आयोडीन असतं. २०० च्या एका गोळीत ७५ मिलिग्रॅमच्या आसपास. त्यातलं सुटून रक्तात येतं ते फक्त सहा-सात मिलिग्रॅम, पण माणसाची दिवसाची गरज असते १५० मायक्रोग्रॅम! म्हणजे चाळीस पट. थायरॉइड एकतर मंदावते नाहीतर भडकते. बाबांची मंदावली होती. थायरॉइडची गोळी सुरू झाली आणि दोन महिन्यांत बाबा परत आले. खरंच, परत आले असंच वाटलं.

दुसऱ्यांदा कोरडा खोकला. तेव्हा आम्ही शहाणे झालो होतो, आठवड्यात छातीचा सीटी केला. फुप्फुसावर सुरुवात होती, औषध बंद झालं. पण ते चरबीत मुरलेलं असतं, बंद केलं तरी अंगातून जायला महिने लागतात. त्यामुळे "आज बंद, उद्या सुटका" हे भावाच्या डोक्यातून काढ.

तू लिहिलंयस, थकते, दुपारभर झोपते. थंडी वाजते का गं तिला?

अबोली_सातारा · रात्री ९:५५

सांजवेळताई, तुमचा प्रतिसाद वाचून उठून आईच्या खोलीत गेले. फाल्गुन आहे, आम्ही सगळे पंखे लावून बसलोय, आणि ती शाल पांघरून, पायात मोजे घालून झोपलीय. हे मी रोज बघत होते. लिहायचंही सुचलं नाही मला.

वडिलांचं जुनं एचएमटी घड्याळ घेऊन नाडी मोजली. पूर्ण मिनिट. ४८. पुन्हा मोजली. ४८.

टीएसएच सुरुवातीला केलं होतं, दवाखान्यात. त्यानंतर नाही.

रानवारा_एमडी · रात्री १०:०४

चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, धाप काही आहे का? असेल तर आत्ताच घेऊन जा. नसेल तर सकाळी पहिलं काम डॉक्टरांना फोन: नाडी ४८, थंडी, झोप. टीएसएच, यकृताची तपासणी, ईसीजी. दोन महिने थांबायचं नाही. मेटोप्रोलॉलचं काय करायचं ते त्यांनाच ठरवू द्या, ती गोळी मनाने एकदम तोडत नाहीत, ठोके उसळतात. सुरुवातीला आणि मग दर सहा महिन्यांनी थायरॉइड आणि यकृत तपासायचं, हे तुम्हाला कुणीतरी लिहून द्यायला हवं होतं.

गल्लीतलं_मेडिकल · रात्री १०:२०

ताई, माझं औषधांचं दुकान आहे, वीस वर्षं. आईंना अ‍ॅसिडिटीची गोळी चालू आहे का? सकाळी उपाशीपोटी घेतात ती? तिच्यावर पँटोप्राझोलच्या पुढे "डी" लिहिलंय का बघा. डी म्हणजे डॉम्पेरिडोन. ते ठोक्यांच्या अशा औषधांसोबत घेऊ नये, दोन्ही मिळून ईसीजीतलं एक अंतर लांबवतात आणि वेगळाच धोकादायक ताल सुरू होऊ शकतो. लोक ही गोळी काउंटरवरून चिवड्यासारखी नेतात, डॉक्टरांच्या कागदावर तिचं नावही नसतं. काही अँटिबायोटिकंही त्यातलीच. मी आता एमिओडॅरॉनच्या गिऱ्हाइकाला डी देत नाही, आधी डॉक्टरांना फोन करायला लावतो.

अबोली_सातारा · रात्री १०:३१

आहे. डी आहे. शेजारच्या काकूंनी सांगितली होती. चक्कर, धाप नाही. सकाळी सातला निघतो.

पैंजण · रात्री १०:४०

मी सासऱ्यांचे रिपोर्ट काढून बसलेय. टीएसएच चौदा महिन्यांपूर्वीचं. उद्या आम्हीही.

निवृत्त_मास्तर · बुधवार, सकाळी ६:१०

अबोलीताई, निघालात का? जाताना सगळ्या गोळ्या पिशवीत भरून न्या. नावं सांगू नका, पिशवीच टेबलावर ओता.

अबोली_सातारा · शुक्रवार, रात्री ८:५०

उशीर झाला, क्षमस्व.

टीएसएच ४१, म्हणजे थायरॉइड चांगलीच मंदावलेली. यकृत ठीक, छातीचा एक्स-रे ठीक. डॉक्टरांनी पिशवीतलं सगळं टेबलावर मांडलं आणि पहिल्यांदा डीची पट्टी बाजूला सरकवली. थायरॉइडची गोळी २५ ने सुरू केलीय, हृदय असल्यामुळे हळूहळू वाढवणार. मेटोप्रोलॉल निम्मं. एमिओडॅरॉनबद्दल मी हडसनकाठ आणि रानवारा यांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला, आठ महिन्यांनंतरही हेच का? ते रागावले नाहीत. म्हणाले, योग्य प्रश्न आहे, तपासण्या राहून गेल्या ही आमचीही चूक. दहा दिवसांनी २४ तासांचं होल्टर (अंगावर बांधून ठेवायचा ईसीजी), मग पुण्याला अ‍ॅब्लेशनवाल्यांचं मत, आणि त्यानंतर ठरवायचं. तोवर चालू. अ‍ॅपिक्सॅबॅनला कुणीही हात लावायचा नाही. भावाला व्हिडिओ कॉलवर घेतलं होतं, त्याचंही समाधान झालं.

आई विचारत होती, "तुझ्या त्या मंडळींनी काय सांगितलं?" सांजवेळताई, तिला तुमच्या बाबांचं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मी आळशी झाले नव्हते तर."

आज नाडी ५६.

सांजवेळ · रात्री ९:०२

आईंना सांग, बाबाही अगदी हेच म्हणाले होते.

पैंजण · रात्री ९:१५

सासऱ्यांचं टीएसएच नॉर्मल आलं. पण खोकला विचारला तर म्हणाले, "आहे थोडा, महिनाभर." उद्या सीटी आहे.